प्रभातची तुतारी : पडद्यावरील एका बोधचिन्हाची कथा

चित्रपट-वितरणाच्या व्यवहारात आजही ‘सी.पी. बेरार’ नावाचा एक प्रदेश आहे. मध्य प्रांत व वऱ्हाड हे नाव १९५० मध्ये नकाशावरून गेले, १९५६ मध्ये नागपूरचे राजधानीपणही गेले. वितरकांच्या बोलण्यातून मात्र तो प्रांत हललेला नाही. नागपूर-वऱ्हाडात मराठी, जबलपूर-रायपूरकडे हिंदी, असा हा द्वैभाषिक मुलूख. साक्षरता बेताची. अशा ठिकाणी चित्रपट कोणाचा, हे अक्षरांवाचून कसे सांगावे? या धाग्याचा विषय त्या प्रश्नाचे एक देखणे उत्तर आहे.

प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे तिचे पाच भागीदार. तिचे बोधचिन्ह म्हणजे तुतारी फुंकणारी स्त्री. प्रभात म्हणजे पहाट आणि तुतारी म्हणजे आगमनाची वर्दी. मिरवणूक असो वा लग्न, तुतारी वाजली की कोणीतरी येत आहे हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. केशवसुतांच्या १८९३ च्या कवितेने या वाद्याला नवयुगाच्या हाकेचाही अर्थ दिलेला होताच.

तथापि हे चिन्ह खरे शोभले ते बोलपटात. प्रभातचे पहिले सहा चित्रपट मूक होते. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि पडद्यावरील तुतारीला कानांनी ऐकू येईल असा नाद मिळणे शक्य झाले. जे चित्र मुळात ध्वनीचेच आहे, त्याला ध्वनी लाभणे हा योग इतर चिन्हांच्या वाट्याला क्वचितच आला असेल.

‘अयोध्येचा राजा’ हिंदीतही निघाला. पुढे ‘कुंकू’चा ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’. नाव बदले, संवाद बदलत. तुतारीला भाषांतराची गरज नव्हती. तिच्या अक्षरविरहित असण्याचे मोल मला येथेच सर्वाधिक वाटते.

समकालीनांची चिन्हेही बोलकी होती. वाडिया मूव्हीटोनचे जहाज त्या घराण्याच्या जहाजबांधणीची आठवण देई. आर. के. ची ओळख ‘आग’मधून नव्हे, तर ‘बरसात’मधील दृश्यातून घडली: एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर रेललेली नायिका. मेहबूब यांच्या कोयता-हातोड्याची गंमत निराळी. ‘मदर इंडिया’ ऑस्करसाठी पाठवताना तो काढून टाकावा लागला! घरी श्रमाचे प्रतीक म्हणून चालणारी आकृती परदेशी राजकारणाची घोषणा ठरली.

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. तुतारी अर्थातच मागे राहिली. मुंबईत परळला त्यांनी राजकमल कलामंदिर उभारले, ते वडील राजाराम आणि आई कमला यांच्या नावांवरून. नवे चिन्हही कमळाशी नाते सांगणारे. एक चिन्ह संस्थेचे होते, दुसरे घराचे. भागीदारी मोडते तेव्हा माणसे आपले कौशल्य बरोबर नेतात, चिन्ह नेता येत नाही.

१९३३ पासून पुण्यात असलेली प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. १९६० मध्ये तिच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आली.

एक तांत्रिक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. प्रोजेक्टरमध्ये ओवताना रिळाचा आरंभीचा भाग सर्वाधिक हाताळला जातो. ओरखडे तेथेच, तुटणे आणि कापून जोडणेही तेथेच. बोधचिन्ह नेमके त्याच भागात असते, म्हणजे चित्रपटाची ओळखच सर्वांत आधी झिजते. त्यात त्या काळची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही. २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली, तेव्हा प्रभातच्या चित्रपटांची जुनी रिळेही त्यात गेली.