गाडी भाड्याची, सही कुणाची?

मागच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर गटातल्या एका ताईनं लेकीची बातमी सांगितली. लेक कंपनीच्या कामाला जर्मनीत गेली होती. काम शुक्रवारी संपलं, परतीचं विमान सोमवारी. मधल्या दोन दिवसांत तिनं गाडी भाड्यानं घेतली, स्वतःच चालवली आणि डोंगर-तळी बघून आली. सगळ्याजणी एकच विचारायला लागल्या, "अनोळखी माणसाच्या हातात एवढी महागाची गाडी देतात तरी कशी?" आम्ही शोधायला बसलो, त्यातून निघालेला इतिहास आज तुम्हाला सांगतो.

जर्मनीतच म्युनिक शहरात १९१२ साली मार्टिन सिक्स्ट यांनी तीन गाड्यांवर हा धंदा मांडला. गिऱ्हाईक म्हणजे हिंडायला आलेले इंग्रज सरदार आणि अमेरिकेचे पैसेवाले. दोन वर्षांनी महायुद्ध पेटलं आणि गाड्या सैन्यानं नेल्या.

तिकडे अमेरिकेत ओमाहा गावी १९१६ साली जो साँडर्स यांनी फोर्डची मॉडेल टी गाडी भाड्यानं द्यायला काढली. चाकाला मैल मोजायचं यंत्र बसवलं, भाडं मैलाला दहा सेंट. पहिलं गिऱ्हाईक गावोगाव माल विकत फिरणारा एक माणूस होता. दिवसाचं काम आटोपल्यावर त्याला तिथल्या एका मुलीला फिरवून आणायचं होतं, असं सांगतात. म्हणजे काम संपल्यावर गाडी घेऊन हिंडायची हौस शंभर वर्षांची जुनी! पुढे १९१८ मध्ये शिकागोत वॉल्टर जेकब्स या बावीस वर्षांच्या पोरानं बारा गाड्या स्वतः दुरुस्त करून, रंगवून भाड्यानं दिल्या. १९२३ साली तो धंदा जॉन हर्ट्झ यांनी विकत घेतला. १९४६ मध्ये विमानदलात राहिलेल्या वॉरन अविस यांनी डेट्रॉईटजवळच्या विमानतळावरच गाड्या उभ्या केल्या, म्हणजे उतरलेला माणूस तिथूनच गाडी घेऊन निघेल.

आता मूळ प्रश्न. गाडी परत येईल याचा भरवसा काय? कुणी रोख अनामत घ्यायचं, कुणी ओळख मागायचं. १९५० साली डायनर्स क्लबचं कार्ड आलं. पुढे अशी कार्डं वाढली, बँकांनीही काढली. कार्ड म्हणजे एका अर्थी जामीनदारच. गाडीवाला तुमच्याकडे बघत नाही, तुमच्यामागे कोण उभं आहे ते बघतो.

आणि इथेच बायका अडल्या. गाडी चालवायला बाई कधी कमी पडली नव्हती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाईमहून फोर्झहाईमला, शंभरेक किलोमीटर, नवऱ्याला न विचारता गाडी घेऊन गेल्या होत्या. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. नवऱ्याच्या धंद्यात पैसाही त्यांच्याच हुंड्यातला गेला होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

तरी पत मात्र पुरुषाची. अमेरिकेत कमावत्या बाईलाही उधारीसाठी नवऱ्याची नाहीतर बापाची सही मागत. कार्डावर नवऱ्याचं नाव. घटस्फोट झाला की तिची पत शून्य, मग आयुष्यभर हप्ते वेळेवर भरलेले असोत. १९७२ मध्ये याच्या जाहीर सुनावण्या झाल्या, बायकांनी पुढे येऊन सांगितलं. २८ ऑक्टोबर १९७४ ला कायदा झाला. बाई आहे म्हणून, लग्न झालंय किंवा मोडलंय म्हणून कर्ज नाकारायचं नाही. फ्रान्समध्ये तर १९६५ पर्यंत लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत खातं उघडता येत नव्हतं. ब्रिटनचा कायदा १९७५ चा.

आपल्याकडे त्याच १९७५ च्या फेब्रुवारीत महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, स्थापन झालं. १९९२ मध्ये नाबार्डनं पाचशे गट बँकांना जोडायचं ठरवलं. जामीनदार म्हणून गटच उभा राहिला. पण खरं बोलायचं तर, कर्ज बाईच्या नावावर आणि त्यातून घेतलेली रिक्षा नवऱ्याच्या नावावर, असं आमच्या बैठकांत अजून दिसतं. ते आम्हाला पटत नाही आणि आम्ही ते तोंडावर सांगतो.

कुणाची मुलगी परदेशी निघाली असेल तर हे लक्षात ठेवा. बहुतेक ठिकाणी जी गाडी चालवणार तिच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, वडिलांचं चालत नाही. अनामत म्हणून त्यावरची रक्कम अडकवून ठेवतात आणि गाडी परत दिल्यावर सोडतात. ताब्यात घेताना गाडीवरचे ओरखडे फोनमध्ये टिपून घ्यायचे. जर्मनी-अमेरिकेत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते. आणि आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून निघण्याआधीच काढायचा, तो एक वर्ष चालतो.