कोयनेच्या वाटेवरचे जुने ट्रक

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. दक्षिण सातारा म्हणून १९४९ साली जो भाग वेगळा झाला, त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले ते १९६० साली. पण नकाशावर रेघ ओढली म्हणून रस्ते काही तुटत नाहीत. सांगलीची हळद नि गूळ ट्रकने मुंबईस निघाला, की कऱ्हाड, सातारा करीत खंबाटकीचा घाट चढूनच त्याला जावे लागे. त्या रस्त्यावर माझी उमेदीची वर्षे गेली. १९५९ साली पंधराव्या वर्षी मी क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, ते शाळेची फी भरायला घरात पैसे नव्हते म्हणून. गाडी मात्र अशी आवडली, की पुढे शाळेची आठवण फारशी आली नाही.

आमच्या भागात अवजड ट्रक वाढले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराने वापरून टाकलेल्या फोर्ड नि शेव्हर्ले गाड्या लिलावात निघाल्या, त्या लोकांनी घेतल्या. पुढे १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले आणि डिझेलची गाडी खेड्यातल्या माणसाच्या ओळखीची झाली.

माझी पहिली गाडी लढाईतली फोर्ड, चपट्या नाकाची, पेट्रोलवर चालणारी. थंडीत सकाळी ती हँडल मारल्याशिवाय उठायची नाही. पहिल्याच दिवशी उस्तादांनी माझा हात धरून सांगितले, "पोरा, अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेव. हँडलला वेढा घातलास, आन् इंजिन उलटं फिरलं, तर अंगठा गेला म्हणून समज." गिअर बदलायचा तर दोनदा क्लच दाबावा लागे. चढावर असो वा उतारावर, एकदा क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, मधे इंजिनाला जरा रेस द्यायची, आवाज जुळला की पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. हे कानाने शिकायचे काम. कान चुकला की दातांवर दात घासून असा कर्रर्र आवाज होई, की शेतातली माणसे मान वर करून बघत.

घाटात माझी जागा फळीवर, हातात लाकडी उटी. गाडी दमून थांबली, की उडी टाकून मागच्या चाकाला उटी लावायची. रेडिएटर उकळले तरी लगेच झाकण काढायचे नाही, हा दुसरा धडा. तो मी मनगटावरच्या डागाने शिकलो. पुढे तिथे बोगदा झाला. आजच्या ड्रायव्हरला उटी म्हणजे काय, हे कदाचित सांगावे लागेल.

मेन पाटा तुटला तर गॅरेज गाठणे शक्यच नसे. गाडी जॅकवर घ्यायची, चेसिस आणि अॅक्सल यांच्यामध्ये बाभळीचा ठोकळा बसवायचा, तो साखळीने आवळायचा, आणि बैलगाडीच्या चालीने पुढचे गाव गाठायचे. डिझेलच्या गाडीत पाईपमध्ये हवा धरली, की फिल्टरवरचा नट सैल करून हातपंप मारीत बसायचे, बुडबुडे थांबून निर्मळ डिझेल येईपर्यंत. रात्री हे काम ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात चाले. त्या कंदिलाला वारा सहसा विझवीत नसे, एवढे त्याचे कौतुक मला आजही आहे.

ओगलेवाडीचा कंदील मी म्हटले, पण कऱ्हाडचे रेल्वे स्टेशनही तिथेच. तेव्हा लहान मापाची रेल्वे होती. स्टेशनवर उतरलेला माल आमच्यासारखे ट्रकवाले मल्हारपेठ, पाटण करीत सुमारे ३५ मैलांवर हेळवाकच्या बाजूला पोचवीत. कोयना धरणाचे काम चालू होते. काँक्रीटमध्ये डबर बसवून बांधलेली ती भिंत पुढे १०३ मीटर उंच झाली. सिमेंट उतरवून परतायचे तेव्हा आमचे केस पांढरे झालेले असत. उस्ताद म्हणत, "एका खेपेत म्हातारा झालास की रं!" पावसाळ्यात तिकडे सुमारे दोनशे इंच पाऊस पडे. चिखलात चाक बसले की दगड, फांद्या, शेवटी स्वतःची गोणपाटेसुद्धा चाकाखाली जात.

जाताना सिमेंट, पण परतताना गाडी नेहमीच रिकामी नसे. जलाशयाखाली जाणाऱ्या गावांतील माणसे निघाली होती. कोणी सांगलीकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी तेव्हाच्या कुलाबा आणि ठाणे जिल्ह्यांत. एकदा पाटणच्या वरच्या अंगाला एका कुटुंबाचा संसार आम्ही भरला. भांडी, नांगर, कणगी, दाराची चौकट. घरातल्या आजी जाते सोडायला तयार होईनात. त्याच्या दोन्ही तळ्या आम्ही दोघांनी उचलून वर चढवल्या. "लेकरा," त्या मला म्हणाल्या, "वर काय भरून नेता रं रोज?"

"सिमेंट, आजी. धरणाचं."

त्या काही बोलल्या नाहीत. जात्याला टेकून बसल्या. गावाकडे त्यांनी मागे वळून पाहिले की नाही, हे मला ठाऊक नाही, कारण मीच त्यांच्याकडे पाहत नव्हतो.

१९६२ साली पोफळीच्या वीजघरातून वीज निघू लागली. ती पुढे कारखान्यांना आणि विहिरींवरच्या मोटारींना मिळाली, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. विस्थापितांचे जमिनीचे प्रश्न मात्र त्यानंतर कित्येक वर्षे रेंगाळले. आमच्या गाडीने दोन्ही कामे केली. त्यातले एक सांगायचे नि दुसरे गाळायचे, हे मला जमत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. तोवर फोर्ड मोडीत गेली होती आणि मी स्वतः स्टिअरिंगवर बसत होतो. धान्य आणि घोंगड्या घेऊन मी पुन्हा त्याच रस्त्याने वर गेलो. पाटणच्या पुढे एका वळणावर गाडी गरम झाली. सवयीने मी मागे वळून "उटी लाव" म्हणालो. माझा क्लीनर आधीच खाली उतरलेला होता.