पहिलं नाव हिगुचींचं

२०२१ सालच्या एप्रिल महिन्यात जपानच्या हिदेकी मात्सुयामानं अमेरिकेत ऑगस्टा इथं होणारी मास्टर्स ही गोल्फची स्पर्धा जिंकली. टेनिसमध्ये विम्बल्डनला जो मान, तोच गोल्फमध्ये मास्टर्सला. अशा मोजक्या मानाच्या स्पर्धांना गोल्फमध्ये ‘मेजर’ म्हणतात. ती बातमी ज्यांनी घाईघाईत वाचली, त्यांचा समज असा झाला की, मेजर जिंकणारा हा पहिलाच जपानी खेळाडू. प्रत्यक्षात तो पहिला जपानी पुरुष होता. हा मान जपानला त्याआधी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, १९७७ साली मिळालेला होता आणि तो मिळवून देणाऱ्या होत्या हिसाको हिगुची. अमेरिकेत त्यांना ‘चाको’ म्हणत. आज मी बोलणार आहे ते या हिगुचींविषयी.

मी स्वतः गोल्फ खेळत नाही. आपल्यापैकी बहुतेकांप्रमाणे माझ्याही मनात या खेळाचं चित्र म्हणजे हिरवंगार मैदान आणि त्यावर निवांत फिरणारी श्रीमंत माणसं. परंतु खेळांचा इतिहास वाचायची आवड असल्यामुळं एक गोष्ट लक्षात आली. समाजात कुणाला आत घेतात आणि कुणाला बाहेर ठेवतात, हे बघायचं असेल तर गोल्फच्या क्लबची नियमावली वाचावी. हिगुचींची गोष्टही अशाच एका क्लबच्या आसपास फिरते.

हिगुचींचा जन्म १३ ऑक्टोबर १९४५ चा. जपाननं शरणागती पत्करून दोनच महिने झाले होते. गाव कावागोए. हे तोक्योच्या वायव्येला, सैतामा प्रांतात आहे. याच कावागोएत कासुमिगासेकी कंट्री क्लब आहे. १९२९ साली स्थापन झालेला हा क्लब जपानमधल्या सर्वांत प्रतिष्ठित क्लबांपैकी एक. हे नाव श्रोत्यांनी जरा ध्यानात ठेवावं, कारण पुढं ते पुन्हा येणार आहे.

याच क्लबच्या मैदानावर १९५७ साली कॅनडा कप ही जागतिक सांघिक स्पर्धा भरली. अमेरिकेकडून सॅम स्नीडसारखा नामवंत खेळाडू आला होता. जपानच्या बाजूनं होते तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो. कुणाच्या ध्यानीमनी नसताना जपाननं ही स्पर्धा जिंकली. वैयक्तिक विजेतेपदही नाकामुरांनीच पटकावलं. युद्धात होरपळलेल्या देशाला या विजयानं केवढा धीर दिला असेल! जपानमध्ये गोल्फचं वेड पसरलं ते तेव्हापासून. कंपन्यांचे अधिकारी गोल्फच्या मैदानावर व्यवहाराच्या गोष्टी करू लागले. क्लबचं सभासदत्व शेअरसारखं विकत घेतलं आणि विकलं जाऊ लागलं.

या साऱ्या वेडात बायका कुठं होत्या? त्या मैदानावरच होत्या, पण कॅडी म्हणून. जपानमध्ये कॅडीचं काम पुष्कळदा बायकाच करतात. स्टिकांची पिशवी सांभाळायची, चेंडू कुठं पडला ते शोधायचं, खेळाडूला अंतर सांगायचं. म्हणजे मैदानाचा चढउतार, गवताचा पोत, वाऱ्याची दिशा हे सारं त्यांना ठाऊक; फक्त फटका मारायचा तो दुसऱ्यानं.

हिगुचीही या जगात आल्या त्या घरच्या परिचयातून. त्यांची थोरली बहीण गोल्फच्या मैदानावर नोकरीला होती. शाळेत हिसाको अडथळ्यांच्या शर्यतीत पळायची. बहिणीमुळं तिच्या हाती गोल्फची स्टिक आली आणि शाळा संपल्यावर ती कावागोएतच एका गोल्फ क्लबात कामाला लागली. तिथं तिला गुरू भेटले ते साक्षात तोराकिची नाकामुरा. १९५७ चा तो विश्वविजेता आता एका मुलीला घडवू लागला.

फटका मारताना डोकं स्थिर ठेवा, हा गोल्फच्या शिक्षणातला पहिला धडा. हिगुचींची पद्धत मात्र निराळी. स्टिक मागं नेताना त्यांचं सबंध अंग उजवीकडं झुकायचं, आणि मग ते सारं वजन डावीकडं आणत त्या चेंडूवर यायच्या. पुस्तकी नियमात न बसणारा हा फटका त्यांनी पुढं जगभर नेला.

पण गुरू असून काय उपयोग? त्या काळी जपानमध्ये बाईनं गोल्फवर पोट भरावं, अशी सोयच नव्हती. व्यावसायिक म्हणून मान्यता देणारी परीक्षा नव्हती, बक्षिसाच्या स्पर्धा नव्हत्या. हे चित्र बदललं १९६७ साली. पुरुषांच्या व्यावसायिक संघटनेनं आपल्यात एक महिला विभाग काढला आणि स्त्रियांसाठी पहिली परीक्षा घेतली. सव्वीस जणी उत्तीर्ण झाल्या. हिगुची त्यांच्यातल्या एक होत्या. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, महिलांच्या पहिल्या दोन मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या आणि दोन्ही हिगुचींनी जिंकल्या. जपान एलपीजीए चॅंपियनशिप ही स्पर्धा त्यांनी एकूण नऊ वेळा जिंकली. त्यांतली पहिली सात वर्षं ओळीनं! जी स्पर्धा पुढं जपान महिला ओपन म्हणून ओळखली जाऊ लागली, तीही त्यांनी आठ वेळा जिंकली.

घरात इतका दबदबा असताना एखादी बाई तिथंच समाधानानं राहिली असती. हिगुची १९७० पासून अमेरिकेतल्या स्पर्धांत उतरू लागल्या. भाषा परकी, अन्न परकं, मैदानं अनोळखी, आणि समोरच्या खेळाडू लहानपणापासून स्पर्धा खेळत आलेल्या. हंगामात काही काळ तिकडं खेळायचं आणि परत येऊन जपानमधल्या स्पर्धा खेळायच्या, असा त्यांचा क्रम अनेक वर्षं चालला. १९७४ साली त्यांनी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. १९७६ साली इंग्लंडमध्ये सनिंगडेलच्या मैदानावर कोलगेट युरोपियन ओपन जिंकली.

आणि मग जून १९७७. अमेरिकेतलं साउथ कॅरोलिना राज्य, नॉर्थ मर्टल बीचजवळचं बे ट्री हे मैदान, आणि एलपीजीए चॅंपियनशिप ही मेजर स्पर्धा. गोल्फमध्ये जितके फटके कमी, तितका खेळ चांगला. प्रत्येक मैदानासाठी अपेक्षित फटक्यांचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला ‘पार’ म्हणतात. चार दिवसांत हिगुचींनी घेतले २७९ फटके, म्हणजे पारपेक्षा नऊ कमी. दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत असलेल्या खेळाडूंपेक्षा तीन कमी. त्यांत ज्युडी रँकिन आणि पॅट ब्रॅडली यांच्यासारख्या अमेरिकेतल्या नामवंत खेळाडू होत्या. जपानलाच नव्हे, तर आशियात जन्मलेल्या कोणत्याही खेळाडूला, पुरुष असो वा स्त्री, तोवर मेजर जिंकता आली नव्हती. ही घटना कोणत्या काळातली आहे, तेही पाहा. नोकरीत स्त्रीपुरुषांना समान संधी द्यावी, असं सांगणारा कायदा जपाननं संमत केला तो १९८५ साली. हिगुचींचा विजय त्याच्या आठ वर्षं आधीचा.

इथं एक प्रश्न विचारावासा वाटतो. हिगुचींनंतर दुसऱ्या जपानी खेळाडूनं मेजर जिंकायला किती वर्षं लागली? तब्बल बेचाळीस! हिगुचींनी दार उघडलं, असं आपण सहज म्हणून जातो. पण नुसतं दार उघडलं म्हणून मागून माणसं आत येतातच असं नाही. त्यांच्यासाठी वाटही तयार करावी लागते. ही बेचाळीस वर्षं त्या वाटेच्या बांधकामाची आहेत, असं मला वाटतं.

त्या वाटेवरचं मोठं नाव म्हणजे अयाको ओकामोतो. हिरोशिमा प्रांतातली ही मुलगी आधी कापड उद्योगातल्या एका कंपनीच्या संघातून सॉफ्टबॉल खेळायची. गोल्फकडं वळली ती विशी ओलांडल्यावर. १९८७ साली अमेरिकेच्या महिला दौऱ्यावर बक्षिसाच्या कमाईत ती पहिली आली. अमेरिकेबाहेरच्या खेळाडूनं हे करण्याची ती पहिलीच वेळ. पण मेजरनं तिला कायम हुलकावणी दिली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये तिघी बरोबरीत राहिल्या आणि जादा फेरीत इंग्लंडच्या लॉरा डेव्हिसनं बाजी मारली. १९८४ साली ओकामोतोनं इंग्लंडमध्ये वोबर्न इथं ब्रिटिश ओपन जिंकली होती, पण दैव पाहा, त्या काळी त्या स्पर्धेला मेजरचा दर्जाच नव्हता. तो मिळाला २००१ साली.

आणि हिगुची? महिलांचा विभाग १९७४ मध्ये पुरुषांच्या संघटनेतून वेगळा होऊन स्वतंत्र संघटना झाला होता. १९९६ साली हिगुची तिच्या अध्यक्ष झाल्या आणि दशकाहून अधिक काळ त्यांनी ती धुरा वाहिली. स्पर्धा भरवायच्या, प्रायोजक टिकवायचे, नव्या मुलींना शिस्त लावायची. वर्तमानपत्रात मथळा येईल असं यात काही नसतं. याच काळात, २००३ साली, ओकिनावाच्या आइ मियाझातोनं शाळकरी वयात व्यावसायिकांची स्पर्धा जिंकली आणि जपानमधल्या लहान मुलींना एक नवी नायिका मिळाली. त्याच वर्षी हिगुचींचा जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. हा मान मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच जपानी. पुरुष खेळाडू इसाओ आओकी यांची पाळी आली ती पुढच्या वर्षी.

मियाझातोला दूरदर्शनवर पाहत वाढलेल्या मुलींच्या पिढीत ओकायामाची हिनाको शिबुनो होती. २०१९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ती पहिल्यांदाच जपानबाहेर स्पर्धा खेळायला गेली आणि ब्रिटिश ओपन जिंकून आली. मैदान कुठलं? तर वोबर्नचंच, जिथं ओकामोतोनं ३५ वर्षांपूर्वी विजय मिळवला होता. आता मात्र ही स्पर्धा मेजर होती. त्यानंतर वाट मोकळी झाली. २०२४ साली अयाका फुरुए, २०२५ साली माओ साइगो आणि मियू यामाशिता, अशा एकामागून एक जपानी मुली मेजर जिंकत गेल्या.

आता त्या कासुमिगासेकी क्लबकडं वळू. तोक्यो ऑलिंपिकमधला गोल्फ तिथं खेळवायचं ठरलं, तेव्हा जगाच्या लक्षात आलं की, या क्लबात स्त्रीला पूर्ण सभासद होता येत नाही. हे २०१७ साल आहे, बरं का! म्हणजे हिगुचींनी मेजर जिंकून चाळीस वर्षं झाली होती, त्यांचं नाव हॉल ऑफ फेममध्ये लागलं होतं, तरी त्यांच्याच गावच्या या क्लबाचं पूर्ण सभासदत्व कुठल्याही बाईला मिळत नव्हतं. तोक्योच्या राज्यपाल युरिको कोइके यांनी नाराजी व्यक्त केली, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं आग्रह धरला, आणि मार्च २०१७ मध्ये क्लबनं नियम बदलला.

पुढचं आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. बंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत आहे म्हणून गोल्फचा ‘ग’ माहीत नसलेली माणसंही पहाटे उठून दूरदर्शनसमोर बसली होती. मीही त्यांतलाच. एका फटक्यानं अदितीचं पदक हुकलं, ती चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राच्या सुवर्णपदकानं ती हळहळ थोडी कमी केली. पण त्या सकाळी रुपेरी पदक कुणाला मिळालं, हे आपल्याकडं फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ते मिळालं जपानच्या मोने इनामीला. न्यूझीलंडच्या लिडिया कोशी बरोबरी झाल्यावर जादा खेळात तिनं ते जिंकलं. ऑलिंपिकमधलं जपानचं गोल्फचं ते पहिलं पदक. मैदान होतं कासुमिगासेकीचं आणि गाव हिगुचींचं.

मात्सुयामाचा विजय मोठाच आहे, त्यात शंका नाही. पण यापुढं ‘पहिला जपानी’ असं कुठं वाचनात आलं तर क्षणभर थांबून विचारावं, पहिला की पहिली? गोल्फमध्ये तरी उत्तर स्पष्ट आहे. ते नाव हिसाको हिगुचींचं.