मिर्झा गालिब यांची पेन्शन आणि आपली फाईल

उर्दू शिकवताना आम्ही गालिब यांची ओळख शायर म्हणून करून देतो. गझल होते, त्यांची पत्रे होतात आणि तास संपतो. पण या माणसाच्या आयुष्याची बरीच वर्षे पेन्शनच्या अर्जांमागे गेली, हे सांगायचे राहूनच जाते. तहसील, कोषागार किंवा शिक्षण विभागात हेलपाटे घातलेल्या कुणालाही हा इतिहास ओळखीचा वाटेल.

या कहाणीची सुरुवात मराठ्यांच्या चाकरीत होते. वडील लढाईत मारले गेले तेव्हा गालिब जेमतेम पाच वर्षांचे होते. त्यांना सांभाळणारे काका नसरुल्ला बेग खान हे मराठ्यांच्या वतीने आग्र्याचा कारभार पाहत. १८०३ मध्ये लॉर्ड लेकच्या फौजेने आग्रा घेतले आणि काका इंग्रजांच्या नोकरीत गेले. १८०६ मध्ये हत्तीवरून पडून त्यांचा मृत्यू झाला. मागे राहिलेल्या कुटुंबासाठी लेकने मे १८०६ मध्ये वर्षाला दहा हजार रुपयांची तजवीज केली. ही रक्कम फिरोजपूर झिरक्याचे नवाब अहमद बख्श खान यांनी आपल्या जहागिरीतून द्यायची होती.

महिनाभरात दुसरा कागद निघाला. त्यात दहाचे पाच हजार झाले. त्यातलेही दोन हजार ख्वाजा हाजी नावाच्या माणसाला मिळू लागले. गालिब यांचे म्हणणे, हा आमच्या घरातला वारसच नव्हे. शेवटी गालिब यांच्या वाट्याला वर्षाचे साडेसातशे, म्हणजे महिन्याला बासष्ट रुपये आठ आणे आले.

दाद मागायला ते थेट राजधानीत, कलकत्त्याला गेले. लखनौ, बांदा, बनारस करत फेब्रुवारी १८२८ मध्ये तिथे पोहोचले. अर्ज दिला. उत्तर मिळाले की प्रकरण आधी दिल्लीच्या रेसिडेंटमार्फत यायला हवे. म्हणजे ज्या शहरातून हा माणूस महिनोन्‌महिने प्रवास करून आला, तिथूनच कागद ‘योग्य मार्गाने’ यायचा होता! आजही अर्जावर ‘योग्य मार्गाने सादर करावे’ असा शेरा मारून तो परत येतो, तेव्हा मला कलकत्ता आठवते.

पुढे सगळा वाद त्या दुसऱ्या कागदावर येऊन थांबला. गालिब म्हणत होते की तो बनावट आहे. लेकसोबत काम केलेले सर जॉन माल्कम तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. कागद त्यांच्याकडे पाठवला गेला आणि त्यांनी तो खरा ठरवला. जानेवारी १८३१ मध्ये दावा फेटाळला गेला. त्यानंतरही गालिब लंडनपर्यंत अर्ज करत राहिले, हाती काही लागले नाही. १८५७ च्या उठावानंतर तर आहे ती पेन्शनही बंद झाली. ती १८६० मध्ये, सुमारे तीन वर्षांनी, थकबाकीसह सुरू झाली. तोवर घर उधारीवर आणि रामपूरच्या नवाबांच्या मदतीवर चालले होते.

गालिब यांच्या काळात पेन्शन ही सरकारची मेहेरबानी होती. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी आलेल्या १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर अशा दाव्यांसाठी दिवाणी कोर्टाचे दारच जवळजवळ बंद केले. आधी कलेक्टरचे प्रमाणपत्र आणा, मग कोर्टात या.

हे चित्र बदलायला १९७१ उजाडावे लागले. देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची बक्षिसी नाही, तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल आला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठापुढे प्रश्न होता, की ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शनमधून का वगळावे? न्यायालयाने तो भेदभाव रद्द केला. म्हणून १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

कायद्यात मेहेरबानीचा हक्क झाला. टेबलावर मात्र तो अजून पुरता पोहोचलेला नाही. माझे एक सहकारी निवृत्तीनंतर वारले, पाठोपाठ त्यांची पत्नीही गेली. त्यांची मुलगी जन्मापासून चालू शकत नाही. स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांमागे हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. पण वडिलांनी कुटुंबाच्या तपशिलात मुलांची नावे लिहिली होती, हिचे लिहिलेच नव्हते. मग दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, ‘हीच ती मुलगी’ याचा पुरावा, असे एकेक सुरू झाले. दर वेळी एकच त्रुटी काढली जाई, पुढची त्रुटी पुढच्या फेरीत. दीड वर्ष तिचा भाऊ रजा काढून फिरला. गालिब यांच्या कागदात घरचा नसलेला माणूस शिरला होता, इथे घरची मुलगी बाहेर राहिली. कागदात नाव कुणाचे, यावरच दोन्हीकडे सगळे अडले.

आपल्याकडे अपंग मुलीचे नाव सरकारी कागदावर लिहायला लोक कचरतात. इतर भावंडांच्या सोयरिकीत अडचण येईल, ही भीती असते. दुसरीकडे ‘देणारा अल्लाह आहे’ म्हणून कागद बाजूला ठेवले जातात. देणारा तोच आहे, पण कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, हा हुकूमही त्याच्याच किताबात आहे. मग लेकरांच्या हक्काचा कागद का टाळायचा?

नोकरीत असलेल्यांनी याच महिन्यात आपले सेवापुस्तक मागून पाहावे. प्रत्येक नोंदीवर सही आहे का, नावाचे स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का, कुटुंबाच्या तपशिलात प्रत्येक अपत्य आहे का, हे तपासावे. दिव्यांग मूल असेल तर त्याचे प्रमाणपत्र आताच काढून, नोंद करून, पोच घ्यावी. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागावे आणि सगळ्या त्रुटी एकदमच कळवा, असे लिहून द्यावे. निवृत्तांची रक्कम उशिरा मिळाली तर त्यावर व्याज देण्याची तरतूद महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत आहे. तेही मागावे.

अर्ज, दाखला, मंजूर, बाकी, वारस, हयात हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आपल्या मराठी दफ्तरात आले. त्याच दफ्तरातला ‘हक्क’ हा शब्दही तिथूनच आलेला आहे. अर्ज लिहिताना ‘विनंती’च्या शेजारी तोही लिहायला हवा.