नेमणूक, अर्ज, वर्गणी : जबलपुरातील साहाय्याची भाषा

घरभाडे थकले, दुखणे लांबले, देणी वाढली म्हणजे माणसाने कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न आपण सहसा अर्थशास्त्राकडे किंवा समाजशास्त्राकडे सोपवतो. परंतु मदत मिळण्यापूर्वी ती मागावी लागते आणि मागण्यासाठी शब्द लागतात. कोणत्या शब्दांत मागितले असता आब राहतो आणि कोणत्या शब्दांत तो जातो, हे ठरवणारी संकेतव्यवस्था प्रत्येक भाषेत असते. ज्या गावात एकाच घराला दोन भाषांतून मागावे लागते, तेथे ती अधिक स्पष्ट दिसते. प्रस्तुत निबंधासाठी जबलपूरची निवड या कारणाने केली आहे. येथे मराठी ही प्रथम राज्यकर्त्यांची भाषा होती, नंतर नोकरदारांची झाली आणि पुढे एका अल्पसंख्य समाजाची घरगुती भाषा म्हणून उरली. या उताराबरोबर तिच्यातील साहाय्याची परिभाषाही बदलत गेली.

गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर जिंकले. पुढल्या वर्षी सागरही गेले. त्या वेळी इंग्रजांनी सागरच्या रुक्माबाईंना आणि मराठी कारभारातील निरनिराळ्या अधिकाऱ्यांना मिळून वार्षिक अडीच लाख रुपयांची पेन्शने ठरवून दिली. या सत्ताधारी घराण्याचे वंशज पुढे जबलपुरातच राहू लागले आणि 'सागरचे राजे' म्हणून ओळखले गेले. राज्य एका गावाचे आणि राहणे दुसऱ्या गावी, अशी ही स्थिती होती. नावापुरता राजा आणि पोटापुरते पेन्शन ही जोडी एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात दुर्मीळ नव्हती. येथे लक्षात घ्यावयाचा मुद्दा शब्दांचा आहे.

मराठी दप्तरात 'नेमणूक' हा शब्द होता. 'वर्षासन' होते, 'धर्मादाय' होते, 'इनाम' होते. नेमणूक म्हणजे नेमून दिलेले, म्हणून हक्काचे. घेणाऱ्याने ती दरसाल मागावयाची नसते, देणाऱ्यानेच ती पोहोचती करावयाची असते. वर्षासनाच्या पाठीशी पुण्याची कल्पना होती. ते घेणारा ब्राह्मण देणाऱ्यावर एका अर्थी उपकारच करीत असे, असा त्यामागचा समज होता. या समजातील वर्णश्रेष्ठत्व झाकण्याचे कारण नाही. ज्याला वर्षासन मिळत नसे तो सहसा ते मागण्याच्या पात्रतेचाच नव्हता. इंग्रजी अमलात या साऱ्या शब्दांच्या जागी 'पेन्शन' हा एकच शब्द आला. पेन्शन कृपेवर चालते. ते हयातीपुरते असते, वारसाला कमी होते आणि त्यासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नेमणुकीकडून पेन्शनीकडे येताना साहाय्याच्या मराठीत प्रथमच पुराव्याची भाषा शिरली. आज बँकेत नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी रांगेत उभे राहणारे वृद्ध या वाक्यरचनेचे दूरचे वारस आहेत.

मार्च १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूर येथे सांधला गेला. गावाचे रूप त्यामुळे पालटले. रेल्वे, कचेऱ्या, शाळा आणि १९०४ पासून तोफगाडा कारखाना यांनी दूरदूरची माणसे ओढून आणली. त्यांत नागपूर-वऱ्हाडकडचे आणि देशावरचे मराठी कारकून, शिक्षक, वकीलही होते. याच काळात सावकारी पैशाचे दानात रूपांतर होण्याचा मोठा अध्याय या शहरात घडला. राजा गोकुळदासांच्या घराण्याचे नाव स्थानकाजवळच्या धर्मशाळेवर आजही आहे. स्त्रियांसाठीचे लेडी एल्जिन रुग्णालय (आजचे राणी दुर्गावती रुग्णालय) याच कालखंडातले. परगावाहून आलेल्याला छप्पर आणि बाळंतिणीला खाट, या दोन गरजा येथे प्रथमच जातीबाहेरच्या, सार्वजनिक म्हणता येतील अशा जागेत भागू लागल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत सरकारी अन्नछत्रे आणि खडी फोडण्याची कामे निघाली. तेथे तर मागण्याचीही सोय नव्हती. शरीराची कृशता हाच अर्ज होता.

मराठी घरांची आपापसातील व्यवस्था मात्र निराळी राहिली. गरीब विद्यार्थ्याने सात घरी सात वार लावावेत, ही रीत मराठी माणूस जेथे गेला तेथे बरोबर घेऊन गेला. 'वार लावणे' या शब्दप्रयोगाचे हिंदीत भाषांतर करून पाहावे. ते होत नाही. 'भोजन की व्यवस्था' म्हटले की त्यातला वार निघून जातो आणि वारच तर महत्त्वाचा. सोमवार एका घरचा, मंगळवार दुसऱ्या घरचा, त्यामुळे कोणा एकाचे ओझे मनावर राहत नाही. उपकाराची अशी विभागणी हा व्यवहारचातुर्याचा भाग होता, पण त्यात मुलाची लाज सांभाळण्याची समजही होती. माधुकरीतला 'मधुकर' हा शब्द तेच करतो. भुंगा फुलाफुलातून थोडे थोडे घेतो, फूल कोमेजत नाही. भिक्षेला हे नाव देणारी भाषा घेणाऱ्याची बाजू घेत होती. अर्थात वार सगळ्यांनाच मिळत नसत. जात विचारल्याशिवाय पान मांडले जात नसे, आणि या व्यवस्थेच्या आठवणी लिहिणारे जवळजवळ सगळे लेखक ज्यांना पान मिळाले त्यांच्यातले आहेत.

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९५० च्या राजभाषा कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान दिले. नागपूर ही राजधानी होती आणि डॉ. रघुवीर तेथे संस्कृतनिष्ठ परिभाषा घडवीत होते. 'अर्ज' मागे पडून 'आवेदन' पुढे आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ वेगळा झाला, राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले. १९५७ च्या राजभाषा कायद्याने मध्य प्रदेशाची राजभाषा हिंदी ठरली. जबलपूरचा मराठी माणूस त्यानंतर घरात 'उसने' घेऊ लागला आणि कचेरीत 'सहायता' मागू लागला. 'उसने' हा शब्दही पाहण्याजोगा आहे. त्यात परत करण्याचे वचन गृहीत असते, मग ते पाळले जावो वा न जावो. 'सहायते'त ते नाही.

या दोन भाषांमधील ताण एका लेखकाच्या आयुष्यात जितका तीव्रतेने दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. गजानन माधव मुक्तिबोध यांची घरची भाषा मराठी. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीतील महत्त्वाचे कवी. गजानन माधव मात्र हिंदीत लिहिते झाले. १९४६-४७ च्या सुमारास ते जबलपुरात होते. हितकारिणी सभेच्या शाळेत त्यांनी शिकवले, 'जय-हिंद' या दैनिकात काम केले आणि १९४८ मध्ये ते नागपूरला गेले. नेमिचंद्र जैन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 'पाया पत्र तुम्हारा' या नावाने १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. काव्यचर्चेसाठी तो वारंवार वाचला जातो. पण त्याच पानांवर नोकरीची अनिश्चितता आहे, देणी आहेत, घरखर्चाची ओढाताण आहे. हा मजकूर टीकाकार बहुधा चरित्राचा तपशील म्हणून बाजूला ठेवतात. मला ते अयोग्य वाटते. मित्राकडे पैशाची अडचण कशी मांडावी, हा गद्यशैलीचाच प्रश्न आहे, आणि आत्मपरीक्षणाचा जो सूर मुक्तिबोधांच्या 'एक साहित्यिक की डायरी'त स्थिरावला त्याचा सराव या पत्रांतही झालेला आहे. त्या डायरीतील बराच मजकूर हरिशंकर परसाई जबलपुरातून काढीत असलेल्या 'वसुधा' मासिकात प्रथम आला, हा योगायोग नव्हे. लेख छापणारा, वेळेला धावून जाणारा आणि पुढे आठवण लिहिणारा माणूस येथे एकच आहे.

१९५८ पासून मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. उत्पन्नाला जोड म्हणून लिहिलेले 'भारत : इतिहास और संस्कृति' हे पाठ्यपुस्तक १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंदी घालून मागे घेतले. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. एका शिक्षक-लेखकाच्या दृष्टीने पाठ्यपुस्तक म्हणजे भाड्याचे, औषधाचे, मुलांच्या शिक्षणाचे पैसे. बंदी विचारांवर होती हे खरे. घाव संसारावरही पडला. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि त्यासाठी मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी लक्ष घातले. मिश्र हे जबलपूरच्या सार्वजनिक जीवनातून वर आलेले, स्वतः 'कृष्णायन'कार कवी. बंदी त्यांच्या कारकिर्दीतली नव्हती, पण शासन तेच होते. ज्या सत्तेने पुस्तक काढून घेतले तिनेच खाट दिली. पुढे लेखकांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्याकडे शब्द टाकला आणि मुक्तिबोधांना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत हलवण्यात आले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी तेथे त्यांचा अंत झाला. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्याच वर्षी आला. तो पूर्ण होऊन हाती आलेला त्यांनी पाहिला नाही.

परसाईंनी मुक्तिबोधांवर लिहिलेल्या संस्मरणात भोपाळच्या रुग्णालयातील ते दिवस आहेत. हा लेख वाचताना जाणवते की मदत हा त्याचा एक अंतःस्थ विषय आहे. मदत घेणारा माणूस स्वाभिमानी, करणारे मित्र स्वतःच तंगीत, आणि त्यांच्या मागे एक शासन, ज्याच्याविषयी कृतज्ञ असावे की क्रुद्ध, हे ठरत नाही. परसाई उपहासकार होते, त्यामुळे कृतज्ञतेचा साचा त्यांच्या हाती कधीच सहज बसत नाही. मराठीत अशा प्रसंगी 'निधी' उभा राहतो, 'थैली' अर्पण होते, सत्काराचे भाषण होते. हिंदीतल्या या प्रकरणात शिष्टमंडळ गेले. फरक वरवरचा नाही. थैलीत समाज थेट लेखकाला देतो. शिष्टमंडळात समाज लेखकासाठी राज्याकडे मागतो. एकोणिसशे साठच्या दशकात राज्य हेच सर्वांत मोठे दार झाले होते, आणि जबलपुरातल्या दिवसांपासून ज्यांच्यात वर्गणीचा व्यवहार चालला त्या मित्रांनाही शेवटी तेथेच जावे लागले.

तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहता येईल. सॅम्युअल जॉन्सनने आपल्या कोशात पेन्शनची व्याख्या करताना तिला राजनिष्ठेच्या विक्रीचा वास दिला होता, आणि १७६२ मध्ये त्यानेच तिसऱ्या जॉर्जकडून सालिना तीनशे पौंडांचे पेन्शन स्वीकारले. टीकाकारांनी त्याला त्याचीच व्याख्या ऐकवली. १७९० मध्ये डेव्हिड विल्यम्सने स्थापलेल्या साहित्यिक निधीने, जो पुढे रॉयल लिटररी फंड म्हणून ओळखला गेला, लेखकाला दरबाराबाहेरचे दार दिले. तेथेही अर्ज करावा लागे, मात्र तो व्यवसायबंधूंपुढे. कोलरिजपासून जॉईसपर्यंत अनेकांनी या निधीचे साहाय्य घेतले. आपल्याकडे केंद्र शासनाची विपन्नावस्थेतील साहित्यिक-कलावंतांसाठीची योजना १९६१ ची. महाराष्ट्राने वृद्ध साहित्यिकांसाठीच्या योजनेला 'मानधन' हे नाव दिले. नेमणूक या शब्दाची प्रतिष्ठा परत आणण्याचा हा प्रयत्न म्हणावा लागेल, पण त्याला अधिवासाची मर्यादा आहे. जबलपुरात मराठी लिहिणाऱ्याचे मानधन महाराष्ट्राच्या सीमेवर थांबते, आणि मध्य प्रदेशाच्या कचेरीत त्याने मराठीत काय लिहिले हे वाचणारा सापडणे कठीण.

गृहनिवासाची बाजू येथे थोडक्यात सांगतो. कारखान्यांच्या वसाहतींनी, तोफगाडा, खमरिया, वाहन कारखाना यांच्या क्वार्टरांनी आणि कर्मचारी पतसंस्थांनी हजारो कुटुंबांना निवारा, दवाखाना व कर्ज एकाच आवारात दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे कारखाने शासकीय कंपन्यांकडे गेले. २२ मे १९९७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे चाळीस माणसे गेली आणि घरे मोठ्या संख्येने पडली. पंचनाम्यातील 'अंशतः' आणि 'पूर्णतः' या दोन क्रियाविशेषणांवर त्या वेळी अनेकांच्या छपराची रक्कम अवलंबून होती. विजेच्या बिलाचेही तसेच. राज्याच्या वीज मंडळाचे मुख्यालय जबलपुरातच होते, आजही वीज कंपन्यांची कार्यालये तेथील शक्तिभवनात आहेत, आणि २०१८ च्या 'सरल बिजली बिल' योजनेत नोंदणीकृत कामगारांसाठी महिना दोनशे रुपयांचा आकडा ठरला. 'सवलत' हा जुना शब्द तेथे योजनेच्या नावात हरवतो.

रुग्णांचा प्रवाह मात्र अजून भाषेची सीमा ओलांडतो. १९५५ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय जबलपुरात असूनही अवघड दुखण्यासाठी अनेक कुटुंबे नागपूर गाठतात. मध्य प्रदेशात सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५१ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्त आहेत, आणि २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. २०१८ पासून आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे कार्ड दोन्ही राज्यांत चालण्याची तरतूद आहे. सीमेच्या अलीकडे रुग्ण 'हितग्राही' असतो, पलीकडे तोच 'लाभार्थी' होतो. 'धर्मादाय' हा पेशवेकालीन शब्द मात्र नागपूरच्या रुग्णालयातील फलकावर टिकून आहे, आणि जबलपूरहून आलेल्या मराठी म्हाताऱ्याला तो फलक वाचता येतो. त्याच्याबरोबर आलेल्या, हिंदी शाळेत शिकलेल्या नातवाला त्याचा अर्थ विचारावा लागतो.