शाहपूरचा शहजादा: शोक, मद्य आणि रक्तातील साखर

#थ्रेड

बाळापूरचा आजचा किल्ला अठराव्या शतकातला; त्याच्या पायथ्याच्या मन आणि म्हैस या नद्या मात्र ‘आईन-ए-अकबरी’तही भेटतात. दोन प्रवाह, त्यांच्या काठचे देखणे दगड, आणि बाळापूरपासून सहा कोसांवर वसलेले शाहपूर.

शाहपूर वसवले अकबरपुत्र मुरादने. १५९६ मध्ये चांदबिबीने तहात वऱ्हाड मोगलांना दिले, तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा होता. सेनापती खानखानानशी त्याचे पटेना, दख्खनची मोहीम रेंगाळली. त्यातच त्याचा लहानगा मुलगा रुस्तम वारला.

मुरादचे मद्यपान या शोकानंतर हाताबाहेर गेले, असे अबुल फझल लिहितो. पुढे झटके येऊ लागले. १५९९ मध्ये अकबराने अबुल फझललाच त्याला दरबारी आणण्यासाठी पाठवले. ही वार्ता कळताच मुराद अहमदनगरच्या दिशेने निघाला; पित्यासमोर उभे राहणे टाळण्यासाठी मोहिमेचे निमित्त!

इतिहासाने त्याला ‘दारुडा शहजादा’ ठरवून प्रकरण मिटवले. शरीरशास्त्र एवढ्यावर थांबत नाही. उपाशीपोटी यकृतातील साखरेचा साठा संपतो, तेव्हा यकृत नवी साखर घडवते. मद्य नेमके हेच काम रोखते. अन्न तुटलेल्या मद्यपीची रक्तशर्करा म्हणूनच कोसळू शकते: घाम, थरथर, संभ्रम, प्रसंगी झटके. अर्थात मद्य अचानक तुटल्यानेही झटके येतात. चारशे वर्षांनंतर मुरादचे निदान करणे हा उद्धटपणा ठरेल.

शोक आणि साखर यांचे नाते मात्र काल्पनिक नाही. दीर्घ ताणात कॉर्टिसॉल वाढते, इन्सुलिनचा प्रभाव घटतो. नैराश्यामुळे मधुमेहाचा धोका वाढतो, मधुमेहामुळे नैराश्याचा. फिनलंडमध्ये मात्ती विर्क्कुनेन यांनी मद्यासक्त, हिंसक गुन्हेगारांना ग्लुकोज देऊन पाहिले, तेव्हा काहींची रक्तशर्करा नेहमीपेक्षा खाली घसरली. नैराश्याच्या रुग्णांवरील अलीकडच्या काही अभ्यासांत बिघडलेली रक्तशर्करा आणि आत्महत्येचे प्रयत्न एकत्र आढळले आहेत. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्यातून ठरत नाही. उपासमार, झोप, औषधे, व्यसन असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात.

मुरादच्या मृत्यूला कोणत्याही बखरकाराने आत्महत्या म्हटलेले नाही, आणि तसे म्हणण्यास आधारही नाही. पण त्याचा धाकटा भाऊ दानियाल १६०५ मध्ये बुऱ्हाणपुरी असाच गेला. त्याच्यावर पहारे बसवले होते. तरी बंदुकीच्या नळीत लपवून दारू आणवली गेली. पहारा दारूवर होता, दुःखावर नव्हता.

मे १५९९. पूर्णाकाठच्या छावणीत अबुल फझल पोहोचला, त्याच सुमारास मुरादने प्राण सोडला. वय अठ्ठावीस. फौज बिथरलेली, सरदार माघारीच्या विचारात. अबुल फझलने ती सावरली आणि मृतदेह शाहपूरला पाठवला. पुढे तो दिल्लीस, हुमायूनच्या मकबऱ्यात नेण्यात आला.