जिभेचा क्रमविकास : पक्षी, मगरी व त्यांचे विलुप्त आप्त

पक्षी आणि मगरी हे आर्कोसॉरिया या प्राणिगटाचे आज हयात असलेले दोनच वंश होत. त्यांचा समाईक पूर्वज सु. २५ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. डायनोसॉर व टेरोसॉर हे विलुप्त प्राणीही याच गटातील असून पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज आहेत. असे निकटचे नाते असूनही मगरीची जीभ व पक्ष्याची जीभ यांत फार थोडे साम्य आढळते. त्यामुळे त्यांच्या विलुप्त आप्तांची जीभ कशी होती, याचे अनुमान केवळ हयात प्राण्यांवरून काढता येत नाही. जीभ मांसल असल्याने मृत्यूनंतर लवकर कुजते. तिला आधार देणारी कंठिकेची हाडे मात्र काही वेळा खडकांत टिकून राहतात. जिभेचा पूर्वेतिहास मुख्यत्वे या नाजूक हाडांवरूनच जाणून घ्यावा लागतो.

मगरीची जीभ : मगरीला जीभच नसते, असे ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस (इ. स. पू. पाचवे शतक) याने लिहून ठेवले आहे. या समजुतीचे कारण उघड आहे. मगरीची जीभ रुंद व चपटी असून ती खालच्या जबड्याच्या तळाशी जवळजवळ सर्व लांबीभर जखडलेली असते. ती तोंडाबाहेर काढता येत नाही. तिच्या बुडाशी कंठिकेची एक रुंद उपास्थिमय तबकडी व तिच्या दोन्ही बाजूंस एकेक हाडाची दांडी असते. या तबकडीमुळे आधार मिळालेली घडी वर उचलली जाऊन टाळूच्या मागील घडीला टेकते व घशाचे द्वार बंद होते. यामुळेच पाण्यात जबडा उघडून भक्ष्य धरले, तरी मगरीच्या श्वासमार्गात पाणी शिरत नाही. खाऱ्या पाण्यातील मगरीच्या जिभेवर लवण उत्सर्जित करणाऱ्या ग्रंथी असतात, असे टॅपलिन व ग्रिग यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. तेव्हा ही जीभ हालचालीला असमर्थ असली, तरी निरुपयोगी नाही.

पक्ष्याची जीभ : बहुतेक पक्ष्यांच्या जिभेत सस्तन प्राण्यांप्रमाणे मांसल भाग फारसा नसतो, तिचे बाह्य आवरण बरेचदा शृंगमय असते व आतील सांगाड्याला जोडलेल्या स्नायूंमुळे ती हलते. हा सांगाडा अनेक सांध्यांनी जोडलेल्या हाडांचा असतो. जिभेच्या आत शिरलेले स्वतंत्र हाड हे त्याचे वैशिष्ट्य असून मगरीत ते नसते. मागील बाजूस कंठिकेची दोन शिंगे असतात. सुतार पक्ष्यात ही शिंगे कवटीला मागून वळसा घालून डोक्यावरून पुढे येतात व काही जातींत नाकपुडीपर्यंत पोहोचतात. त्यांच्या साहाय्याने जीभ चोचीबाहेर दूरवर फेकता येते. गुंजन पक्षी जिभेने मध ओढून घेतो, रोहित पक्षी तिचा पंपासारखा उपयोग करून चिखलपाण्यातून अन्न गाळतो, तर पोपटाची जाड, मांसल जीभ बी फिरवून धरण्याच्या कामी येते. उलट, धनेश व शहामृग यांची जीभ आखूड असून ते घास डोक्याच्या झटक्याने घशाकडे टाकतात.

जीवाश्मांचा पुरावा : ली, जो व क्लार्क या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये आधुनिक पक्षी व ॲलिगेटर यांच्या कंठिकेची ईशान्य चीनमधील व इतर जीवाश्मांशी तुलना केली. बहुसंख्य डायनोसॉरांची कंठिका मगरीप्रमाणे आखूड व साध्या दांड्यांच्या जोडीची असल्याचे त्यांना आढळले. यावरून टायरॅनोसॉरससारख्या मोठ्या मांसभक्षकांची जीभ जबड्याच्या तळाशी जखडलेली असावी, असा निष्कर्ष निघतो. गुंतागुंतीची कंठिका मुख्यतः टेरोसॉर व पक्षी यांत आढळते, आणि हे दोन्ही गट एकमेकांपासून स्वतंत्रपणे उडू लागले होते. पुढच्या पायांचे पंखांत रूपांतर झाल्यावर अन्न धरण्याचे व हाताळण्याचे काम जिभेकडे आले असावे, असे या संशोधकांनी सुचविले आहे. ऑर्निथिस्किया या शाकाहारी डायनोसॉरांतही कंठिका काहीशी विकसित होती. तेथे तिचा संबंध अन्न चावण्याशी असावा.

उड्डाण सुरू झाल्यावर जिभेत विविधता लवकरच निर्माण झाली. चीनमधील सु. १२ कोटी वर्षांपूर्वीच्या ब्रेव्हिरोस्ट्रुआव्हिस या आखूड तोंडाच्या पक्ष्याचे वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची कंठिका जवळजवळ कवटीएवढी लांब होती. परंतु सुतार पक्ष्यात कंठिकेचा जो मागील घटक लांबलेला असतो, त्याऐवजी येथे त्याच्या पुढील घटक लांबलेला आहे. म्हणजे लांब जीभ पक्ष्यांमध्ये एकाहून अधिक वेळा व निरनिराळ्या मार्गांनी उत्पन्न झाली.

मतभेद : हा सर्व इतिहास निर्विवाद नाही. मंगोलियातील पिनाकोसॉरस या चिलखती डायनोसॉरात पक्ष्यांच्या जिभेतील स्वतंत्र हाडांशी जुळणारी हाडे असल्याचे २०१५ मध्ये हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. पक्ष्यांच्या वंशापासून दूर असलेल्या प्राण्यात ही हाडे असतील, तर त्यांचा उगम उड्डाणाच्या कितीतरी आधीचा ठरतो. इतर डायनोसॉरांत ती उपास्थिमय असल्याने नष्ट झाली असतील. उलट, ती पिनाकोसॉरसमध्ये स्वतंत्रपणे निर्माण झाली असतील, तर उड्डाणाशी जोडलेले स्पष्टीकरण अबाधित राहते. जीवाश्मात हाड न सापडणे म्हणजे ते नसणेच होय काय, हा येथील मूळ प्रश्न आहे. नव्या सांगाड्यांमुळे त्यावर अधिक प्रकाश पडेल. तोवर, जीभ लांब बाहेर काढून गर्जना करणाऱ्या टायरॅनोसॉरसच्या प्रचलित चित्रांना उपलब्ध हाडांचा आधार नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येते.